घरी स्की बनवायची तर माल कोणता घ्यावा?

बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधायच्या लांब पट्ट्या म्हणजे स्की. आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला किंवा उत्तराखंडात औलीला गेलेल्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या असतील. बाकीच्यांनी निदान चित्रात तरी पाहिल्याच असतील. वरवर पाहता ती पुढच्या टोकाला वर वळवलेली एक फळी दिसते. नॉर्वेतील शेतकरी पूर्वी ती एका अखंड लाकडातून तासून काढत. आज अमेरिकेत, कॅनडात आणि युरोपात अनेक हौशी माणसे मोटारीच्या गॅरेजमध्ये स्वतःची स्की तयार करतात. हत्यारांचे त्यांना फारसे अडत नाही. अडते ते माल निवडताना, आणि तो कोणाकडून घ्यावा हे ठरवताना. कारण या फळीत पाचसहा अगदी निराळ्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांना चिकटून राहावे लागतात. उतारावरून ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने येताना त्यांपैकी एकाने जरी साथ सोडली, तरी गुडघा किंवा पायाचे हाड मोडायला वेळ लागत नाही.

पण इतके पदार्थ हवेत कशाला, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. थर्मोकोलची १ से.मी. जाड, ४ से.मी. रुंद आणि ३० से.मी. लांब पट्टी कापा. तिची दोन टोके दोन पुस्तकांवर टेकवा आणि मधोमध बोटाने दाबा. पट्टी चटकन मोडते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. थर्मोकोल ताणाला कच्चा, म्हणून भेग खालून सुरू होते. आता दुसऱ्या पट्टीच्या खालच्या बाजूला जाडसर कागद गोंदाने पूर्ण चिकटवा, नीट वाळू द्या आणि पुन्हा दाबा. फरक तुमच्या बोटालाच कळेल. हीच पट्टी उलटी ठेवून पाहिलीत, तर कागद असूनही ती लवकर मोडेल. दोन्ही बाजूंना कागद लावला, की ती दोन्हीकडून बळकट होते. ताण कागद सोसतो. थर्मोकोलचे काम दोन कागदांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचे. आणि कागद न चिकटवता नुसता ठेवला, तर काहीच उपयोग होत नाही, कारण तो सरकतो.

आजची बहुतेक स्की ही अशीच आहे. मधल्या थराला आपण गाभा म्हणू आणि बाहेरच्या थरांना कातडी. अखंड पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट, तर ताठरपणा आठपट. पातळ कातडीच्या रचनेत तो साधारणपणे दोन कातड्यांमधील अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे १० मि.मी.चा गाभा ११ मि.मी. झाला, तर ताठरपणा सुमारे २१ टक्क्यांनी वाढला! म्हणूनच हा कारागीर रंधा मारताना दर थोड्या वेळाने मापकाने जाडी मोजत असतो.

या रचनेचा पाठपुरावा हॉवर्ड हेड या अमेरिकन माणसाने ज्या चिकाटीने केला, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. हेड बाल्टिमोरजवळच्या विमानाच्या कारखान्यात काम करीत असे. विमानाचे भाग हलके आणि ताठर कसे करतात, हे त्याने तेथे पाहिले होते. १९४७ साली त्याने दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा घालून स्की बनवली. त्या पहिल्या स्की मोडल्या. मग गाभ्यासाठी त्याने प्लायवूड घेतले. आता मोडणे थांबले, पण मऊ अ‍ॅल्युमिनियमची धार कठीण बर्फावर पकड घेईना. म्हणून कडेला पोलादी पट्टी आली. अ‍ॅल्युमिनियमला बर्फ चिकटू लागले. म्हणून तळाला प्लॅस्टिकचा थर आला. असे करत १९५० मध्ये त्याची स्की विक्रीला योग्य झाली. हेडचे मोठेपण मला शोधापेक्षा या क्रमात दिसते. स्कीतील प्रत्येक थर हा एखाद्या मोडतोडीचे उत्तर म्हणून आलेला आहे.

आता गाभ्याचे लाकूड घेऊ. अ‍ॅश आणि मेपल ही लाकडे चिवट पण जड; पॉप्लर मध्यम; पाउलोनिया अतिशय हलके, अ‍ॅशच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे. बांबूच्या पट्ट्या जोडून केलेले गाभेही चांगले चालतात. मग सगळी स्की पाउलोनियाची का करू नये? कारण बूट धरून ठेवणारी पकड स्क्रूंनी याच गाभ्यात बसवायची असते, आणि इतक्या मऊ लाकडातून स्क्रू उपटून निघण्याची भीती असते. म्हणून जाणकार लोक मिश्र गाभा करतात. दोन्ही कडांना आणि बुटाखाली मेपल किंवा अ‍ॅशच्या पट्ट्या, उरलेल्या भागात पॉप्लर किंवा पाउलोनिया. लाकूड अखंड फळीचे कधीच वापरत नाहीत. फळी उभी चिरून अरुंद पट्ट्या करतात आणि एकाआड एक पट्टी उलटी करून पुन्हा चिकटवतात. एका पट्टीला डावीकडे पीळ पडू लागला, तर शेजारची त्याला उजवीकडे ओढते.

लाकूड मात्र स्थानिक वखारीतूनच घ्यावे, टपालाने मागवू नये, असे माझे मत आहे. रेषा सरळ लांबीच्या दिशेने धावतात की कडेला निसटतात, गाठ कोठे आहे, हे हातात घेऊनच कळते. शिवाय ओलावा. लाकडात पाण्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास असावे. ते मोजणे शाळेच्या प्रयोगशाळेतही जमेल. छोटा तुकडा तोला, १०० अंश सेल्सियसच्या थोड्या वर तापवलेल्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले, की टक्केवारी मिळते.

कातडीसाठी घरगुती कारागीर काचतंतूंचे कापड घेतात, आणि ते तीन दिशांचे असते. लांबीच्या दिशेतील तंतू वाकण्याला विरोध करतात. ४५ अंशांनी दोन्हीकडे तिरपे जाणारे तंतू पिळवटण्याला. नुसते उभे तंतू घेतले, तर वळण घेताना स्कीचे टोक पिळले जाते आणि धार बर्फातून निसटते. कापड बांधणारी राळ म्हणजे इपॉक्सी. होड्या बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत कापड आणि इपॉक्सी दोन्ही मिळतात, आणि स्वस्तही पडतात. पण तेथे दोन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. काचतंतूंवर कारखान्यातच एक लेप दिलेला असतो. तो इपॉक्सीला मानवणारा आहे ना? आणि इपॉक्सी वाळल्यावर वाकणे सोसते, की काचेसारखी तडकते? होडी क्वचित वाकते. स्की एका उतारावर शेकडो वेळा वाकते. इपॉक्सीमधील कठीण करणारे द्रव्य त्वचेला घातक असते आणि त्याची कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. तेव्हा हातमोज्यांशिवाय डबा उघडायचा नाही, आणि वाळलेला काचतंतू घासताना नाकातोंडावर योग्य मुखवटा हवाच.

तळाचे पॉलिएथिलीन आणि पोलादी धार मात्र बाजारात सहज मिळत नाहीत. ती स्कीचा माल विकणाऱ्या खास विक्रेत्यांकडूनच मागवावी लागतात. तळाचे पॉलिएथिलीन दोन प्रकारचे. एक वितळवून साच्यातून ओढलेले. हे स्वस्त, आणि खरवडले तर वितळवून सहज दुरुस्त होते. दुसऱ्याचे रेणू इतके लांब असतात, की ते तापवले तरी वाहत नाही. म्हणून त्याची भुकटी उष्णता व दाब देऊन जोडतात आणि तयार झालेल्या ओंडक्यावरून सालीसारखा पातळ पापुद्रा सोलून काढतात. यात मेण चांगले मुरते आणि स्की वेगाने पळते. पहिल्या जोडासाठी मी पहिला प्रकार सुचवीन.

गंमत अशी, की ज्या गुणामुळे पॉलिएथिलीनला बर्फ चिकटत नाही, त्याच गुणामुळे त्याला इपॉक्सीही चिकटत नाही. म्हणून कारखान्यात त्याची एक बाजू खरखरीत करून ज्वालेने भाजतात. विक्रेत्याला कोणती बाजू भाजलेली आहे हे स्पष्ट विचारावे, आणि स्वतःही पडताळावे: पाण्याचा थेंब न भाजलेल्या बाजूवर गोळा होऊन बसतो, भाजलेल्या बाजूवर पसरतो. पोलादी धार आणि काचतंतू यांच्यामध्ये रबराची अगदी पातळ फीत घालतात. थंडीवाऱ्यात आणि वाकताना पोलाद एक पावले चालते, तर शेजारचे थर दुसरी. मधले रबर तो फरक पोटात घेते.

सगळे थर साच्यावर रचून दाबाखाली वाळवावे लागतात. हौशी लोक त्यासाठी अग्निशामक दलाचा कापडी नळ हवेने फुगवून वापरतात. १८० से.मी. लांब आणि १० से.मी. रुंद स्कीवर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम दाब दिला, तर एकूण बल किती होते? १,८०० गुणिले ३, म्हणजे ५,४०० किलोग्रॅम. एका हत्तीच्या वजनाहून अधिक. चौकट कच्ची असेल तर ती फुटून उडते. हवा काढून घेतलेल्या पिशवीत स्की ठेवली, तर वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम मिळतो. तो कमी, पण घरात सुरक्षित.

आणि पूर्ण स्की करण्यापूर्वी, प्रत्येक विक्रेत्याकडून आलेल्या मालाचा एक वीतभर नमुना त्याच क्रमाने चिकटवून बर्फपेटीत रात्रभर ठेवावा. सकाळी तो गार असतानाच पटाशीने थर उचकटून पाहावेत. लाकडाचे तंतू फाटून काचतंतूबरोबर आले, तर जोड लाकडापेक्षा बळकट आहे. पॉलिएथिलीन मात्र स्वच्छ, चकचकीत निघून आले, तर आधी ते उलटे चिकटवले गेले नाही ना हे पाहावे. बाजू बरोबर असेल, तर तो माल परत पाठवावा.