पडद्यावरचा नट आणि आरशांतला मुलगा

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. दिवाळी झाली, हलकें धान घरांत येऊं लागलें, कीं वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर करमणुकीचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून गांवोगांवीं मंडई भरते. दिवसां बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, आणि रात्रीं दंडार किंवा खडी गंमत. दंडारींतील स्त्रीची भूमिका परंपरेनें मुलगेच करीत आले. सोंग घेणें, दुसऱ्याची चाल चालणें, दुसऱ्याच्या आवाजांत बोलणें या गोष्टी येथील मुलांना नवीन नव्हत्या. चित्रपट या मुलखांत आला तो अशा नांगरलेल्या जमिनींत आला. त्यामुळें मिसरूड फुटूं लागलेला मुलगा एखाद्या नटाच्या नादीं लागला, तर त्याच्या घरच्यांना राग येई, पण आश्चर्य वाटण्याचें कारण नव्हतें. हा नाद कोठून येतो, मुलाचें काय करतो आणि शेवटीं कोठें जातो, हें पाहण्यासारखें आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लोकांपुढें आला, आणि १९३१ च्या मार्चांत 'आलमआरा'नें हिंदी चित्रपटाला वाचा दिली. शहरांत पक्कीं चित्रगृहें उभीं राहिलीं. परंतु खेड्यांतील माणसाला सिनेमा प्रथम भेटला तो बहुधा जत्रेच्या तंबूंत. यंत्र, पडदा, कनाती आणि तेलावर चालणारें इंजिन असा तो एक फिरता संसारच असे. दिवस मावळला कीं कर्ण्यावरून तबकडी वाजूं लागे आणि आसपासच्या वस्त्यांतून लोक कंदील घेऊन निघत. यंत्र बहुधा एकच असल्यानें एक रीळ संपून दुसरें चढेपर्यंत खेळ थांबे, आणि हें थांबणें नेमकें नायक संकटांत असतांना होई. मोठीं माणसें तेवढ्यांत विडी ओढून घेत. मुलें मात्र पुढें काय होणार याचा निकाल आपसांत लावून टाकीत. आणि नंतर पडद्यावर जें येई तें त्या निकालापुढें पुष्कळदां फिकें वाटे.

समोर जागा न मिळालेलीं मुलें पडद्याच्या मागच्या अंगाला जाऊन बसत. पातळ पडद्यांतून चित्र पलीकडेहि दिसतें. फक्त डाव्याचें उजवें होतें. त्या बाजूनें पाहणाऱ्याला नायक डाव्या हातानें तलवार चालवीत आहे असें दिसे, आणि पाट्यांवरचीं अक्षरें उलटीं वाचावीं लागत. या गोष्टीचा एक गमतीचा परिणाम भांगावर होतो. नायकानें आपल्या डाव्या बाजूला भांग पाडला आहे असें समजावें. समोर बसलेल्या मुलाला तो स्वतःच्या उजव्या हाताला दिसतो. दुसऱ्या दिवशीं आरशापुढें उभें राहून, पाहिलेलें रूप तो जसेंच्या तसें उतरवूं लागतो, आणि भांग उजवीकडे पडतो. मागून उलटें चित्र पाहिलेल्या मुलाचा भांग मात्र नायकाप्रमाणें बरोबर डावीकडे येतो! पुढच्या जागेचे पैसे मोजणारा चुकतो आणि मागें बसणारा बिनचूक ठरतो. दोघांचें भांडण मिटणें कठीण, कारण दोघांनींहि डोळ्यांनीं पाहिलेलेंच केलें आहे. मनापासून केलेली नक्कलसुद्धां मुळाहून निराळी कशी होते, याचा हा पहिला धडा होय.

केंसांवरून मन पोशाखावर जाण्यास वेळ लागत नाहीं. दिलीपकुमार यांची कपाळावर उतरलेली बट आणि देव आनंद यांच्या केंसांचा फुगविलेला कोंबडा यांवरून भारतभर मुलांत तट पडले. १९५५ सालच्या 'श्री ४२०' मध्यें राज कपूर दुमडलेल्या विजारींत चालतांना दिसले, आणि विजारी दुमडल्या जाऊं लागल्या. धानाच्या मुलखांत हा प्रकार बापाला कोड्यांत टाकण्यासारखाच होता. बांधींत रोवणी करणारा प्रत्येक माणूस चिखलासाठीं धोतर वर खोचतो. रोवणीला चल म्हटलें तर काचकूच करणारा मुलगा बाजाराच्या दिवशीं कोरड्या रस्त्यावर विजार दुमडून निघाला, तर बापानें काय समजावें? मौज अशी कीं राज कपूर यांचें तें रूपहि सर्वस्वीं त्यांचें नव्हतें. चार्ली चॅप्लिन यांच्या भटक्याची छाया त्यावर पडलेली होती. मुलगा ज्याची नक्कल करीत होता, तो स्वतःच दुसऱ्या कोणाच्या तरी वाटेनें चालला होता.

हें वेड तेराव्या-चौदाव्या वर्षींच कां जडतें? त्या वयांत आवाज फुटतो, हातपाय अंगाला न शोभण्याइतके लांब होतात, लहान मुलें खेळांत घेत नाहींत आणि मोठीं माणसें बैठकींत बसूं देत नाहींत. पुरुष तर व्हावयाचें आहे. परंतु पुरुषानें कसें चालावें, अपमान झाला तर काय करावें, मनांतली गोष्ट कशी बोलावी, हें कोणी सांगत नाहीं. बापाचा नमुना समोर असतो. पण ज्याच्यापासून वेगळें व्हावयाचें, त्याचाच नमुना घेणें मुलाला जड जातें. पडद्यावरचा नट अशा वेळीं सोयीचा पडतो. तो दूर असतो, रागावत नाहीं आणि परीक्षेंतले गुण विचारीत नाहीं. शिवाय तो सर्वांचा असतो. गाण्यांचें छापील पुस्तक एकानें विकत घ्यावें, दुसऱ्यानें पाठ करावें आणि तिसऱ्यानें त्याची चाल धरावी, अशी एक मंडळी त्याच्या नांवानें जमते. नटाला त्यांतला एकहि मुलगा ठाऊक नसतो. परंतु त्याच्या निमित्तानें तीं मुलें एकमेकांना ठाऊक होतात.

या वेडाचें फार बोलकें उदाहरण भंडाऱ्याच्याच जुन्या प्रांतांत सांपडतें. भंडारा आणि खांडवा हीं दोन्ही गांवें पूर्वीं मध्यप्रांतांत आणि पुढें १९५६ पर्यंत मध्यप्रदेशांत होतीं. खांडव्याचे वकील कुंजलाल गांगुली यांना ४ ऑगस्ट १९२९ रोजीं मुलगा झाला. त्याचें नांव आभासकुमार. त्याचे थोरले बंधु अशोककुमार 'बॉम्बे टॉकीज'च्या प्रयोगशाळेंत कामाला होते. कॅमेऱ्यापुढें उभें राहण्याची त्यांना हौस नव्हती. परंतु १९३६ सालीं 'जीवन नैया' आणि 'अछूत कन्या' यांत त्यांना नायक व्हावें लागलें, आणि ते नामांकित नट होऊन बसले. घरांतच एवढा नट असतां धाकट्यानें त्यालाच देव मानावें, असें कोणालाहि वाटेल. पण या मुलानें आपलें दैवत घराबाहेर शोधलें. तें म्हणजे 'देवदास'मुळें १९३५ सालीं घरोघर पोंचलेले कुंदनलाल सैगल. मुलगा त्यांच्यासारखा गाऊं लागला. सैगल यांचें बालपणहि दंडारींतल्या मुलांना परकें वाटणार नाहीं. जम्मूला लहानपणीं ते रामलीलेंत सीतेचें काम करीत. पुढें कांहीं काळ टंकलेखन यंत्रें विकत फिरले, आणि मग नट झाले.

हा खांडव्याचा मुलगा म्हणजे किशोरकुमार. १९४८ सालीं 'जिद्दी' या चित्रपटांत त्याला नायकासाठीं एकट्यानें गाण्याची पहिली संधि मिळाली, आणि तें गाणें त्यानें सरळ सैगल यांच्या ढंगानें म्हटलें. सैगल आदल्या वर्षाच्या जानेवारींत वारले होते. ज्या नायकासाठीं तो गायिला ते देव आनंद, आणि तेहि एक चाहतेच होते. अशोककुमार यांचीं 'अछूत कन्या' व 'किस्मत' हीं चित्रें पाहून त्यांना या व्यवसायाची ओढ लागली होती. लाहोरचें शिक्षण संपवून ते १९४३ सालीं मुंबईस आले, लष्करी टपाल तपासणाऱ्या कचेरींत त्यांनीं नोकरी केली, आणि १९४६ सालीं पुण्याच्या 'प्रभात'च्या 'हम एक हैं' मध्यें त्यांना पहिलें काम मिळालें. तेथेंच धोब्याच्या चुकीनें त्यांचा सदरा गुरुदत्त यांच्या अंगावर गेला आणि त्यांतून दोघांची मैत्री जुळली. पुढें 'जिद्दी'साठीं त्यांची निवड झाली ती अशोककुमार यांच्या पुढाकारानें. अशा रीतीनें त्या एका चित्रपटांत दोन चाहते एकत्र आले : पडद्यावर अशोककुमारांचा, आणि त्याच्या ओठांवर सैगल यांचा.

गोष्ट येथेंच थांबती तर ती थोडी दुःखाची झाली असती. सैगलसारखें गाणारा एक गुणी गवई, एवढीच किशोरकुमार यांची नोंद राहिली असती. संगीतकार सचिन देव बर्मन यांनीं तो धोका ओळखला, आणि दुसऱ्याचा गळा सोडून स्वतःचा शोधावा असा सल्ला त्यांना दिला. सल्ला सोपा नव्हता. ज्याच्या छायेंत वाढलों त्याला सोडणें म्हणजे अंगावरचें एकुलतें एक उबदार वस्त्र उतरविण्यासारखें आहे. किशोरकुमार यांनीं तें केलें. परंतु उसनें घेणें बंद करून नव्हे, तर अनेक ठिकाणांहून घेऊन. परदेशी गायकांच्या तबकड्यांवरून त्यांनीं गळ्याला झोले देण्याची तऱ्हा उचलली, आणि आपल्या विनोदी स्वभावांत ती अशी मिसळली कीं ती त्यांचीच होऊन गेली. १९६९ सालच्या 'आराधना'नंतर मुलांची नवी पिढी राजेश खन्ना यांच्या मागें लागली. त्या नटाचा म्हणून जो आवाज गांवोगांवचीं मुलें घोटवीत होतीं, तो खांडव्याच्या या चाहत्याचाच होता.

प्रत्येक चाहत्याचा किशोरकुमार होत नाहीं, आणि व्हावा अशी अपेक्षाहि नाहीं. बहुतेकांचा कोंबडा दोन-तीन वर्षांत बसतो. कोणी शेती पाहतो, कोणी शाळेंत शिकवितो, कोणी दुकानांत बसतो. मात्र त्या दोन-तीन वर्षांत कांहींच मिळत नाहीं असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. दुसऱ्याचें रूप घालून पाहिल्यावांचून आपल्याला कोणतें रूप येत नाहीं हें कळत नाहीं. विजार दुमडून चालून पाहिलें म्हणजे ती चाल आपली नव्हे हें पायांना समजतें. मंडळींतले मित्र तर नटाची कीर्ति ओसरल्यावरहि राहतात, आणि लग्नाकार्यांत भेटले कीं जुन्या भांगाचा वाद पुन्हां उकरून काढतात.

तंबू आतां जवळजवळ नाहींसे झाले आणि पडदा तळहातावर आला. झाडीपट्टीच्या नाटकांना मात्र हिंवाळ्यांत आजहि रात्रभर गर्दी लोटते. आरशापुढें रेंगाळणारा मुलगाहि घरोघर आहे. त्याला रागें भरण्यापूर्वीं बापानें आपलें चौदावें वर्ष आठवून पाहावें. मंडईच्या रात्रीं वहिनीचें लुगडें मागून आणून दंडारींत नाचलेला मुलगा त्याला तेथें भेटण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यानंतर भांगाला पांच मिनिटें अधिक देण्यास त्याची हरकत राहूं नये. शाळेची घंटा मात्र चुकूं देऊं नये.