‘पोलीस अँड थीव्ज’: एका निषेधगीताचा किंग्स्टन ते लंडन प्रवास

जमैकाचे गायक ज्युनियर मर्विन यांनी १९७६ मध्ये गायलेले ‘पोलीस अँड थीव्ज’ हे गाणे रेगे संगीतातील असंख्य निषेधगीतांमध्ये वेगळे उठून दिसते, आणि त्याचे कारण त्या गाण्याने आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे केले यात आहे. बहुतेक निषेधगीतांत जुलूम करणारा एक आणि तो सोसणारा दुसरा अशी सरळ विभागणी असते. येथे मात्र सरकारी बंदूक बाळगणारा पोलीस आणि चोरटी बंदूक बाळगणारा गुंड हे दोघेही देशाला सारखेच भयभीत करणारे ठरवले आहेत, आणि त्या दोघांच्या कचाट्यात सापडलेल्या सामान्य वस्तीच्या बाजूने गायक बोलतो. वर्षभराच्या आत हेच गाणे लंडनमधील ‘द क्लॅश’ या पंक वाद्यवृंदाने आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतले, आणि जमैकातील एका विशिष्ट उन्हाळ्याची कैफियत ब्रिटनमधील तरुणांच्या असंतोषाची भाषा बनली.

हे गाणे कोणत्या परिस्थितीतून निघाले, ते आधी पाहिले पाहिजे. १९६२ मध्ये ब्रिटिश सत्तेतून स्वतंत्र झालेल्या जमैकात मायकेल मॅन्ली यांचा पीपल्स नॅशनल पार्टी आणि एडवर्ड सिआगा यांचा जमैका लेबर पार्टी या दोन पक्षांची सत्तास्पर्धा सत्तरच्या दशकात उघड सशस्त्र संघर्षापर्यंत पोहोचली होती. राजधानी किंग्स्टनच्या पश्चिम भागातील गरीब वस्त्यांत सरकारी घरे आणि रोजगार पक्षनिष्ठा पाहून वाटले जात. त्यामुळे टिव्होली गार्डन्स एका पक्षाचा, तर आर्नेट गार्डन्स दुसऱ्या पक्षाचा बालेकिल्ला झाला आणि या बालेकिल्ल्यांच्या सीमांवर दोन्ही बाजूंच्या टोळ्यांनी पहारे बसवले. मॅन्ली सरकारने १९७४ मध्ये बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी खास न्यायालय स्थापन केले आणि त्याला अत्यंत कठोर शिक्षेचे अधिकार दिले, तरीही हिंसाचार आटोक्यात आला नाही. निवडणुकीच्या वर्षात, १९ जून १९७६ रोजी, देशात आणीबाणी जाहीर झाली आणि सैनिक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला खुद्द रेगेचे सर्वांत प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या घरात शिरून बंदूकधाऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातून बचावलेले मार्ली दोनच दिवसांनी किंग्स्टनमधील जाहीर कार्यक्रमात गायले. ‘पोलीस अँड थीव्ज’चे ध्वनिमुद्रण आणीबाणीच्या आधी, मे महिन्यात झाले होते. येऊ घातलेल्या उन्हाळ्याचे इतके नेमके वर्णन आधीच करून ठेवणारी गाणी फार थोडी असतात.

पोर्ट अँटोनियो या किनाऱ्यावरील गावाचे मर्विन तोवर ‘ज्युनियर सोल’ या नावाने काही गाणी गायले होते, परंतु त्यांना म्हणावे असे यश मिळाले नव्हते. ते आपले गाणे घेऊन किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्स भागात ली ‘स्क्रॅच’ पेरी या निर्मात्याकडे गेले. पेरी यांनी आपल्या घराच्या परसात ‘ब्लॅक आर्क’ नावाचा लहानसा स्टुडिओ उभारला होता. त्यांनी मर्विन यांना ऐकले, शब्दांत थोडे फेरफार सुचवले आणि गाणे लगोलग ध्वनिमुद्रित केले. म्हणूनच गीतकार म्हणून दोघांचीही नावे लागतात. मर्विन यांच्यावर शिकागोचे गायक कर्टिस मेफिल्ड यांचा गाढ प्रभाव होता आणि त्यांच्याप्रमाणेच ते ‘फॉल्सेटो’ गात. फॉल्सेटो म्हणजे पुरुषाने आपल्या नेहमीच्या आवाजाची कक्षा ओलांडून लावलेला पातळ, उंच सूर. गोळीबार, दहशत आणि बायबलमधील अंतकाळाचे भाकीत यांविषयीचे शब्द अशा कोवळ्या, जवळजवळ अंगाईच्या सुरात येतात, तेव्हा ऐकणाऱ्याला आधी गोडवा जाणवतो आणि आशय मागाहून, पण खोल रुततो. या गाण्याचे खरे बळ या विसंगतीतच आहे, आणि पुढच्या कोणत्याही आवृत्तीला ते जसेच्या तसे साधलेले नाही.

पेरी यांच्या कामाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. रेगेमध्ये चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक आघात येतो. पहिल्या मात्रेवर, जेथे आपल्याकडील श्रोता समेची अपेक्षा करतो, तेथे बहुधा पोकळी ठेवलेली असते आणि गाण्याचा सारा भार बास गिटार व ड्रम वाहतात. ब्लॅक आर्कमध्ये फक्त चार ट्रॅकचे, म्हणजे चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्या नोंदवू शकणारे टेपयंत्र होते. पट्ट्या भरल्या की पेरी त्या एकत्र करून एकाच पट्टीवर उतरवत आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर नवे आवाज भरत. अशा प्रत्येक उतरवणीत ध्वनीची धार थोडी कमी होई आणि त्यावर एक धूसर थर चढे. त्यात टेपवरील प्रतिध्वनी निर्माण करणारे यंत्र आणि आवाज लाटेसारखा फिरवणारे ‘फेझर’ यांची भर पडे. मोठ्या स्टुडिओत जो दोष मानला गेला असता, त्याचीच पेरी यांनी शैली केली.

आता ‘कव्हर’ या कल्पनेकडे वळले पाहिजे, कारण एका कलाकाराचे गाणे दुसऱ्याने नव्याने ध्वनिमुद्रित करणे हा तिचा पाश्चात्त्य अर्थ जमैकात अपुरा पडतो. तेथे गाण्याच्या बास व ड्रमच्या पायाला ‘रिडिम’ म्हणतात आणि एकदा ध्वनिमुद्रित झालेला रिडिम ही जणू सामायिक शेती असते. १९६८ च्या सुमारास गाण्यातील गायन वगळून उरलेली वाद्यांची बाजू तबकडीच्या मागच्या अंगावर देण्याचा प्रघात पडला आणि त्या मागच्या बाजूला ‘व्हर्जन’ म्हटले जाऊ लागले. मोठमोठे ध्वनिवर्धक लावून रस्त्यावर नाचाचे कार्यक्रम करणाऱ्या ‘साउंड सिस्टिम’वर निवेदक, ज्यांना जमैकात ‘डीजे’ म्हणतात, या व्हर्जनवर लयबद्ध बोलत असत. याखेरीज ‘डब’ हा तिसरा प्रकार होता, ज्यात ध्वनितंत्रज्ञ गाण्याचे तुकडे काढून, घालून आणि प्रतिध्वनीत बुडवून नवी रचना तयार करतो. एका चालीवर अनेक अभंग बसवणाऱ्या भजनी मंडळांच्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. फरक इतकाच, की भजनात चाल उसनी घेतली जाते, तर जमैकात प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित ठेकाच पुन्हा वापरला जातो आणि त्यावरची चाल पूर्णपणे वेगळी असू शकते.

‘पोलीस अँड थीव्ज’च्या बाबतीत हे सारे ब्लॅक आर्कच्या भिंतींच्या आतच घडले. त्याच रिडिमवर ‘ग्रम्बलिन डब’ तयार झाले. जाह लायन या डीजेने ‘सोल्जर अँड पोलीस वॉर’ म्हटले, ज्यात संघर्ष आता सैनिक आणि पोलीस यांच्यातला झाला. आणि ग्लेन डाकोस्टा यांनी सॅक्सोफोनवर ‘मॅजिक टच’ वाजवले. म्हणजे लंडनच्या गोऱ्या तरुणांनी हे गाणे हाती घेण्यापूर्वीच त्याची भावंडे जन्माला आली होती, आणि मूळ गाणे म्हणजे अखेरचा शब्द ही समजूत त्याच्या जन्मस्थानी कधी नव्हतीच.

आयलंड रेकॉर्ड्सने हे गाणे त्याच उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये प्रसिद्ध केले आणि तेथे ते कॅरिबियन वस्त्यांत घुमू लागले. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातील एका कलमाच्या आधारे ब्रिटिश पोलीस केवळ संशयावरून कोणालाही रस्त्यात अडवून अटक करू शकत, आणि ‘सस’ या संक्षिप्त नावाने कुप्रसिद्ध झालेल्या या तरतुदीचा मारा प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलांवर होत असे. ऑगस्ट १९७६ च्या अखेरीस लंडनमधील नॉटिंग हिल येथे कॅरिबियन लोकांचा वार्षिक कार्निव्हल भरला, तेव्हा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे ३,००० पोलीस तैनात करण्यात आले होते. एका अटकेच्या प्रयत्नातून दंगल उसळली आणि शेकडो लोक जखमी झाले. किंग्स्टनसाठी लिहिलेल्या गाण्याला येथे नवा संदर्भ मिळाला, आणि त्यासाठी त्यातील एकही शब्द बदलावा लागला नाही.

त्या दंगलीत ‘द क्लॅश’चे गायक जो स्ट्रमर आणि बासवादक पॉल सिमोनन प्रत्यक्ष हजर होते. सिमोनन यांचे बालपण ब्रिक्स्टन या कॅरिबियन लोकवस्तीच्या भागात रेगे ऐकत गेले होते. शिवाय ‘रॉक्सी’ या पंक क्लबमध्ये तबकड्या लावणारे डॉन लेट्स, पंकच्या तबकड्या अजून फारशा निघालेल्याच नसल्यामुळे, रेगेच लावत असत. एप्रिल १९७७ मध्ये ‘द क्लॅश’ हाच मथळा असलेला अल्बम आला. त्याच्या मागच्या बाजूवर नॉटिंग हिलमध्ये धावून येणाऱ्या पोलिसांचे छायाचित्र होते आणि दोन-तीन मिनिटांच्या धडाकेबाज गाण्यांमध्ये ‘पोलीस अँड थीव्ज’ तब्बल सहा मिनिटांचे होते. गिटारवादक मिक जोन्स यांनी रचनेत घेतलेला निर्णय महत्त्वाचा ठरला: रेगेची हुबेहूब नक्कल करायची तर दोन्ही गिटार आडमात्रेवर, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, ठेवाव्या लागल्या असत्या, परंतु त्यांनी एक गिटार सरळ मात्रेवर आणि दुसरी आडमात्रेवर वाजवली. त्यामुळे जमैकाचा झोका जाऊन त्या जागी ताठर, खडबडीत चाल आली, आणि मर्विन यांच्या तरल स्वराऐवजी स्ट्रमर यांचा भसाडा, दात आवळून काढलेला आवाज आला. त्यांना मर्विन होता येणार नव्हते आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही, हेच या आवृत्तीचे मोठेपण होय.

मर्विन यांना मात्र ती रुचली नाही. ईश्वरी कार्याची नासाडी झाली अशा अर्थाची त्यांची प्रतिक्रिया नोंदलेली आहे, आणि ज्याचे गाणे सुरांच्या नाजूक विणीवर उभे आहे त्या गायकाला तसे वाटणे समजण्यासारखे आहे. पेरी यांच्याशी मात्र ‘द क्लॅश’चा थेट संबंध जुळला. १९७७ मध्ये लंडनला आलेल्या पेरी यांनी या वाद्यवृंदाच्या ‘कम्प्लीट कंट्रोल’ या गाण्याची निर्मिती केली. वाद्यवृंदाने नंतर त्यातील प्रतिध्वनी बराच कमी केला, तरी निर्माता म्हणून पेरी यांचे नाव कायम राहिले. त्याच काळात मार्ली आणि पेरी यांनी ‘पंकी रेगे पार्टी’ हे गाणे केले आणि त्यात ‘द क्लॅश’सह काही पंक वाद्यवृंदांचा आपुलकीने उल्लेख केला.

गोऱ्या कलाकारांनी कृष्णवर्णीयांचे गाणे घेतले की ते लुटीत जमा करायचे की दाद म्हणून स्वीकारायचे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. मार्ली यांच्या ‘आय शॉट द शेरिफ’ची एरिक क्लॅप्टन यांनी केलेली आवृत्ती १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, त्याच क्लॅप्टन यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून स्थलांतरितांच्या विरोधात आणि त्याच विचारांचे राजकारणी इनॉक पॉवेल यांच्या समर्थनार्थ भाषण केले. त्या भाषणाने उसळलेल्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील तिच्या प्रचंड मेळाव्यात ‘द क्लॅश’ने ‘स्टील पल्स’ या बर्मिंगहॅमच्या रेगे वाद्यवृंदासह कार्यक्रम केला. हा लढा केवळ कॅरिबियन लोकांचा नव्हता. एप्रिल १९७९ मध्ये साउथॉल या प्रामुख्याने पंजाबी वस्तीच्या भागात नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा तेथील ‘मिस्टी इन रूट्स’ या रेगे वाद्यवृंदाचे व्यवस्थापक पोलिसांच्या मारहाणीत गंभीर जखमी झाले आणि शिक्षक ब्लेअर पीच यांचा मृत्यू झाला. म्हणून आवृत्तीचे मोल ठरवताना सूर किती जुळले एवढेच पाहून चालत नाही. गाणे घेणारा कलाकार त्या गाण्यातील माणसांच्या बाजूने उभा राहतो की नाही, हेही पाहावे लागते, आणि त्या कसोटीवर ‘द क्लॅश’ उतरतात तर क्लॅप्टन उतरत नाहीत.

मर्विन यांचे मूळ गाणे ब्रिटनच्या सर्वसाधारण विक्रीयादीत शिरायला १९८० उजाडले. तेव्हा ते २३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन दंगलीत पेटले, आणि त्याच उन्हाळ्यात ‘सस’ची तरतूद रद्द झाली. गाण्यांनी कायदा बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कॅरिबियन पालक, वकील आणि कार्यकर्ते यांनी वर्षानुवर्षे चालवलेली मोहीम त्यामागे होती, गाण्यांनी तिचा आवाज दूरवर नेला. पेरी स्वतः २०१२ मध्ये ‘द ऑर्ब’ या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांसोबत हे गाणे पुन्हा गायले, आणि मर्विन २ डिसेंबर २०१३ रोजी पोर्ट अँटोनियो येथे निवर्तले.

हे गाणे प्रथमच ऐकू इच्छिणाऱ्या वाचकाने आरंभ मर्विन यांच्यापासूनच करावा, लगेच त्याच ठेक्यावरचे जाह लायन आणि ‘ग्रम्बलिन डब’ ऐकावे, आणि त्यानंतरच ‘द क्लॅश’कडे वळावे, हा क्रम उलटा केला तर मर्विन यांचे गाणे नुसतेच गोड वाटण्याचा धोका आहे.