सावलीची सूचना

वैशाखातील भर दुपारी शेतात निघालेला विदर्भातील शेतकरी डोक्याला शेला गुंडाळतो व अंगात लांब बाह्यांचा सदरा घालतो. एवढ्या उकाड्यात अंग झाकून घ्यावे, हे तुम्हांला विचित्र वाटेल. परंतु त्यात मोठे शहाणपण आहे.

सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगालाही जाणवत नाहीत. थोड्या प्रमाणात ते हितकारकच होत. त्यांच्यामुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. अतिरेक झाला, की मात्र त्वचा भाजते. त्वचेतील काळे रंगद्रव्य हे किरण शोषून घेते. उन्हात वर्ण काळवंडतो, तो हे द्रव्य वाढल्यामुळेच. पण ही ढाल अपुरी पडते. वर्षानुवर्षे होणारी इजा साठत जाते; त्वचेला अकाली सुरकुत्या पडतात आणि कधी कधी कर्करोगही होतो.

हे किरण विरळ ढगांतूनही खाली येतात. मग ते प्रखर केव्हा असतात, हे ओळखावे कसे? मुलांनो, आपली सावली पाहा. ती तुमच्या उंचीहून आखूड असेल, तर सूर्य बराच वर आलेला असतो. अशा वेळी किरणांना वातावरणातून थोडेच अंतर कापावे लागते. म्हणून ते प्रखर असतात. तेव्हा घरात किंवा झाडाखाली थांबावे. बाहेर जाणे भागच असेल, तर घट्ट विणीचे सैल कपडे व रुंद काठाची टोपी घालावी.

सायंकाळी सावली लांबली, की मैदान तुमचेच आहे!