करवतीची तूट आणि कोनाची भरपाई

सुताराच्या जमाखर्चात एक तूट अशी आहे की, ती टाळणे कितीही कसलेल्या हाताला साधत नाही. करवत ज्या रेघेवरून जाते त्या रेघेवरचे, आपल्या पात्याच्या जाडीइतके, लाकूड ती खाते आणि त्याचा भुसा करते. चौदाव्या लुईचा विख्यात कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जडावकामात पितळ आणि कासवाची पाठ यांचे पातळ तक्ते एकावर एक ठेवून एकदमच कापीत आणि एकातली वेल दुसऱ्याच्या पोकळीत बसवीत. परंतु काप सरळ उभा असल्यामुळे वेलीभोवती पात्याच्या जाडीची फट राहणे अपरिहार्य होते.

या तुटीची भरपाई कोन करतो. स्क्रोल सॉ या नक्षीच्या यंत्रकरवतीत बारीक पाते दोन्ही टोकांना ताणलेले असते आणि फळीखालचे मेज कलते करता येते. मेज कलवून एकावर एक ठेवलेल्या दोन फळ्या कापल्या की काप नरसाळ्यासारखा वर रुंद आणि खाली निमुळता होतो, आणि वरच्या फळीतला तुकडा खालच्या फळीच्या छिद्रात बिनफट बसतो. त्यासाठी कोनाची ज्या (साइन) म्हणजे कापाची रुंदी भागिले फळीची जाडी. ३ मिलिमीटरच्या फळ्या आणि अर्ध्या मिलिमीटरचा काप असेल, तर कोन सुमारे साडेनऊ अंश.

एकाच फळीत हाच न्याय निराळे कौतुक दाखवतो. १२ मिलिमीटर जाड फळीत त्याच अर्ध्या मिलिमीटरच्या रुंदीचा, ५ अंशांचा वर्तुळाकार काप घेतला, तर आतली चकती सुमारे पावणेसहा मिलिमीटर खाली उतरते आणि तेथेच घट्ट अडकते. असे पाच काप एकात एक घेतले की सपाट फळीची जवळजवळ तीन सेंटिमीटर खोल परडी होते. कोन कमी केला तर चकती अधिक खाली उतरते, पण पकड घटते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पाते ओवण्याचे भोक त्याच कोनात पाडावे, आणि नक्षी सदैव पात्याच्या एकाच अंगाला राहील अशा बेताने फळी फिरवावी. दिशा उलटली की उतारही उलटतो आणि तुकडा खाली बसण्याऐवजी वर निघतो. म्हणून शिसवीच्या फळीला हात लावण्यापूर्वी तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यातून रुपयाएवढी चकती कापून पाहावी. कोनाची खातरजमा तीच करून देते.