मॉरिशसची वटवाघळे : अरण्याचे अखेरचे माळी

एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या कुटुंबांमुळे मॉरिशस हे नाव मराठी माणसाला परके नाही. या बेटावरील वटवाघळांची कथा मात्र फारशी परिचित नाही.

भारतात वटवाघळांच्या शंभराहून अधिक जाती आढळतात; मॉरिशसमध्ये केवळ तीन. बेटावर जाती मोजक्याच असल्याने एकीचे काम दुसरी सहसा करू शकत नाही. येथील दोन लहान जाती कीटकभक्षी आहेत. त्यांपैकी एक गुहांमध्ये समूहाने राहते, तर दुसरी झाडांच्या खोडांवर व भिंतींवर विसावते. तिसरी मोठी जात फळभक्षी असून ती मूळ वृक्षांच्या बिया दूरवर पसरविते. पूर्वी महाकाय कासवे हे कार्य करीत. ती नामशेष झाली. फळभक्षी वटवाघळांची आणखी एक जातही एकोणिसाव्या शतकात नष्ट झाली. आज सुस्थितीतील मूळ अरण्य बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे आणि मोठ्या बियांच्या वृक्षांची भिस्त प्रामुख्याने या एकाच जातीवर आहे.

अरण्य घटल्यावर वटवाघळे लिची व आंब्याच्या बागांकडे वळली. बागायतदारांचे नुकसान खरे आहे. त्यांची तक्रार झिडकारून चालणार नाही. तथापि शासनाने २०१५ व २०१६ मध्ये मिळून तीस हजारांहून अधिक वटवाघळे मारली, तरी बागायतदारांचा नफा वाढला नाही. कारण पक्षीही फळे खातात आणि अतिपक्व फळे आपोआप गळतात. मादी वर्षाला साधारणतः एकच पिल्लू देते, त्यामुळे ही हानी लवकर भरून निघत नाही. २०१८ मध्ये या जातीची नोंद 'संकटग्रस्त' अशी करण्यात आली.

याउलट, मॉरिशसच्याच अखत्यारीतील रॉड्रिग्ज बेटाचे उदाहरण आशादायक आहे. १९७०च्या दशकात तेथील फळभक्षी वटवाघळे शंभराहूनही कमी उरली होती. १९७६ मध्ये निसर्गप्रेमी जेराल्ड ड्युरेल यांनी त्यांपैकी काही जर्सी येथे नेऊन त्यांचे प्रजनन केले. बेटावरही संरक्षण व वृक्षलागवड झाली. परिणामी आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे.

फळझाडांवर जाळी पसरणे हा खर्चिक, पण परिणामकारक उपाय आहे. तो खर्च एकट्या बागायतदाराने का सोसावा? अरण्य जर सर्वांचे, तर त्याच्या माळ्याचा भारही सर्वांनीच उचलणे न्याय्य ठरेल.