शेतात तीन चालतात, मग कारमध्ये का नकोत?
लेखमाला : चाकं फिरवणारे (लेखांक तिसरा)

मे 2024 मध्ये मारुतीची नवी स्विफ्ट आली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली चारऐवजी तीन सिलिंडरचं इंजिन निघालं. कंपनीने एक सिलिंडर खाल्ला, अशी कुरकुर लगेच सुरू झाली. आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) ही कुरकुर जरा गमतीची वाटते. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर पट्ट्यात ज्याच्या अंगणात नवी कार येते, त्याच्याच गोठ्याच्या बाजूला बरेचदा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर उभा असतो. मॅसी 1035, स्वराज 735 आणि 744, महिंद्रा 275, फोर्सचा बलवान 400, हे सगळे तीनवालेच. त्या ट्रॅक्टरला कुणी अर्धवट म्हणत नाही. उलट पलटी नांगर लावून काळ्या रानात घातला की मालक कौतुकाने बघत बांधावर उभा राहतो.

कारमध्येही तीन सिलिंडर काही काल आलेले नाहीत. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची किल्ली ग्राहकाच्या हातात पडली, तिचं इंजिन 796 सीसीचं आणि तीन सिलिंडरचंच होतं. वर्षभरात तेच इंजिन मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे पुढे ओम्नी म्हणून जी गावोगाव फिरली तिच्यात, पुढच्या सीटखाली बसलं. उन्हाळ्यात ड्रायव्हरची बैठक खालून का भाजते, याचं उत्तर तिथेच होतं. 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. एवढ्या तीस वर्षांत तिचे सिलिंडर मोजायच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. गाडी चालते, अ‍ॅव्हरेज देते, पार्ट कुठेही मिळतात, विषय संपला.

या लेखमालेची सुरुवात आपण लूनाच्या एका सिलिंडरपासून केली, मागच्या आठवड्यात छोटा हत्तीचे दोन पाहिले. आता तीन. आणि तिनापाशी थोडं जास्त थांबावं लागेल, कारण इथे यंत्राचा हिशेब खरोखर मजेशीर होतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतो. दोन फेऱ्या म्हणजे 720 अंश. चार सिलिंडर असले तर दर 180 अंशांनी एक धक्का, तीन असले तर दर 240 अंशांनी. जळालेला वायू पिस्टनला खाली ढकलतो तो साधारण 140 अंशांपर्यंत. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि जोर संपतो. म्हणजे तीन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक दोन धक्क्यांच्या मधे जवळजवळ 100 अंश कुणीच ढकलत नसतं. तेवढा वेळ क्रँक फिरती ठेवायची ती फ्लायव्हीलने. चार सिलिंडरमध्ये हीच पोकळी चाळीसेक अंशांची असते. ट्रॅक्टरचं फ्लायव्हील उचलून पाहिलं असेल त्याला ते इतकं जड का करतात हे वेगळं सांगायला नको.

आयडलिंगला गाडी 700 च्या आसपास फेरे मारत असते. तीन सिलिंडरमध्ये तेव्हा सेकंदाला साडेसतरा धक्के बसतात, चारमध्ये तेवीसच्या वर. कमी वेळा बसणारा, पण प्रत्येक वेळी मोठा असा धक्का अंगाला जास्त कळतो. सिग्नलला उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि आरसा थरथरतो तो यामुळेच. वेग वाढला की धक्के जवळजवळ येतात आणि थरथर विरून जाते.

पण हा झाला स्फोटांचा हिशेब. पिस्टन वरखाली होताना जो हेलकावा देतात, तो वेगळा. क्रँकवरचे तीन हात एकमेकांपासून 120 अंशांवर असतात. त्यामुळे एक पिस्टन वर जात असला की बाकीचे दोघे मिळून त्याचा जोर बरोबर खोडून काढतात. सगळ्या जोरांची बेरीज शून्य. इतकंच नाही, चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारी जी बारीक थरथर शिल्लक राहते, तीही इथे बेरजेत खोडली जाते. या एका बाबतीत तीन हे चारांपेक्षा सरस आहेत, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

मग अडचण कुठे? तिन्ही पिस्टन एका जागी नाहीत, ओळीत आहेत. पहिला पुढच्या टोकाला, तिसरा मागच्या. खांद्यावरची कावड पाहा: मधला भाग खांद्यावर स्थिर असतो, दोन्ही टोकं मात्र आळीपाळीने खालीवर होतात. तीन सिलिंडरचं इंजिनही असंच पुढून वर तर मागून खाली असं डोलायला बघतं. हा डोल मारायचे तीन उपाय आहेत. क्रँकच्या उलट दिशेने, तेवढ्याच वेगाने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट बसवायचा. किंवा फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम एका बाजूला जड ठेवून डोलाची दिशा बदलायची. किंवा काहीच न करता रबरी फाउंडेशनवर सगळा भार टाकायचा. स्वस्त गाडीत तिसरा उपाय का आवडतो हे उघड आहे.

म्हणून जुनी झालेली तीन सिलिंडरची गाडी अचानक थरथरायला लागली, तर इंजिन उघडायच्या आधी फाउंडेशन बघावं. रबर बसलं असेल, चिरलं असेल, तेल पिऊन फुगलं असेल. आणि टायमिंगचं काम झाल्यावर थरथर सुरू झाली असेल, तर बॅलन्सर शाफ्ट असलेल्या इंजिनात त्याची खूण चुकून एक-दोन दात पुढेमागे बसली आहे का, हे मिस्त्रीला विचारावं. खूण चुकलेला बॅलन्सर डोल कमी करण्याऐवजी वाढवतो. पुली बदलतानाही 'तशीच दिसते' एवढ्यावर डुप्लिकेट माल घेऊ नये. काही इंजिनांत ती जाणूनबुजून असमतोल केलेली असते.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. त्याला रबरी फाउंडेशनच नसतं, कारण कारसारखी वेगळी चासी नसते. पुढचा अ‍ॅक्सल इंजिनला बोल्ट केलेला, इंजिनला क्लचचं घर, त्याला गिअरबॉक्स, त्याला मागचा अ‍ॅक्सल. इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा. इंजिन जेवढं लांब तेवढा ट्रॅक्टर लांब, आणि जेवढा लांब तेवढा बांधाच्या कोपऱ्यावर वळायला आडमुठा. एक सिलिंडर कमी म्हणजे लांबी कमी, आतल्या फिरत्या भागांची संख्या कमी, मेन बेअरिंग पाचाऐवजी चार. काम निघालं तरी लायनर-पिस्टनचे संच तीनच भरायचे, नोझलही तीनच. शिवाय ट्रॅक्टर नांगरताना दोन हजारांच्या आसपास एकसारख्या वेगावर चालतो, सिग्नलला उभा राहत नाही. तिनाची जी एक लाज वाटण्यासारखी बाजू आहे, आयडलिंगची थरथर, ती शेतात कुणी मनावरही घेत नाही.

मॅसीच्या बाबतीत तर चार काढून तीन बसवण्याचा निर्णय इतिहासातच आहे. इंग्लंडात बनणाऱ्या मॅसी फर्ग्युसन 35 च्या डिझेल ट्रॅक्टरला आधी स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, आणि थंडीत ते चालू होईना म्हणून शेतकरी हैराण झाले होते. 1959 मध्ये त्या जागी पर्किन्सचं अडीच लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं, आणि 35 चं नाव झालं ते त्या इंजिनावर. पुढच्याच वर्षी, 1960 मध्ये, चेन्नईला टाफे कंपनी स्थापन झाली आणि मॅसी भारतात रुजला. त्यासाठी पर्किन्सच्या धाटणीची इंजिनं चेन्नईच्याच सिम्पसन कंपनीने बनवली. आपल्याकडच्या जुन्या मॅसीचा जो ओळखीचा ठेका आहे, त्याचं मूळ तिथे आहे.

बलवानचं नगरशी नातं आणखी जवळचं. फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, आणि तिचे नवलमल फिरोदिया हे नगरचे. वडील कुंदनमल इथले वकील, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. लूनाची कायनेटिक ज्या हस्तीमल फिरोदियांची, तेही याच घरातले.

सिलिंडरची संख्या आणि ताकद यांचा थेट संबंध नसतो, याला महिंद्राच्या घरातच पुरावा आहे. महिंद्रा 575 ला चार सिलिंडर, 2730 सीसी, 45 हॉर्सपॉवर. स्वराज 744 एफईला तीन सिलिंडर, 3136 सीसी, 48 हॉर्सपॉवर. 2007 पासून स्वराजही महिंद्राकडेच आहे, आणि दोन्ही ट्रॅक्टर आपापल्या गिऱ्हाइकांना खुशाल विकले जातात. पहिल्यात एक सिलिंडर 680 सीसीचा, दुसऱ्यात 1045 सीसीचा. किती सिलिंडर, यापेक्षा केवढा सिलिंडर, हा प्रश्न जास्त कामाचा. फार लहान सिलिंडर केला तर आतल्या हवेच्या मानाने भिंतींचा पसारा वाढतो, उष्णता भिंतींतून पाण्यात जाते आणि डिझेलचे पैसे रेडिएटरमधून वाऱ्यावर. कारच्या इंजिनात साधारण 400 ते 500 सीसीचा एक सिलिंडर सोयीचा पडतो.

आता हा आकडा करखात्याच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. छोटी कोण? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 पर्यंत. 400 सीसीचे तीन म्हणजे 1200, 500 सीसीचे तीन म्हणजे 1500! सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला, तेव्हाही छोट्या गाडीच्या 18 टक्क्यांसाठी रेषा तिथेच राहिली. माझं मत असं की भारतीय कारमधला तिसरा सिलिंडर निम्मा अभियंत्याने आणि निम्मा अर्थमंत्र्याने बसवला आहे.

याचं उत्तम उदाहरण बोलेरो. ग्रामपंचायतीपासून साखर कारखान्याच्या संचालकांपर्यंत तिला आपल्या जिल्ह्यात जो मान आहे, तो सांगायला नको. तिचं जुनं इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं. 2016 मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली: लांबी कापून 3995 मिलिमीटर, इंजिन 1493 सीसी, सिलिंडर तीन. इंजिन एक लिटरने आटलं, तरी टॉर्क होता तेवढाच राहिला, 195 न्यूटन मीटर. हॉर्सपॉवर उलट सातआठने वाढली. त्यानंतर करंजी घाटात बोलेरो चढेनाशी झाली, असं काही घडलं नाही. मात्र चढाला टॉप गिअर धरून ठेवायची जुनी खोड असलेल्यांना ही गाडी थरथरून दाखवते. खालचा गिअर टाकला की गप्प होते.

स्विफ्टच्या बाबतीत एवढी सरळ बाजू घेता येत नाही. 1197 सीसी तेवढेच, पण ताकद नव्वदच्या घरातून ब्याऐंशीच्या आसपास उतरली आणि बदल्यात कंपनीच्या दाव्याप्रमाणे मॅन्युअल गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला 24.8 किलोमीटरवर गेलं. घर्षण कमी, तेल कमी. रोज नगर-पुणे करणाऱ्याला हा सौदा परवडेल. जुन्या स्विफ्टचं मऊ इंजिन आवडायचं त्याची तक्रार मला रास्त वाटते.

अशा गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी सरकारमान्य संस्थेची मान्यता लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमात त्या संस्थांची नावं आहेत, आणि त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरच्या वाहननगरमधली संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. याच संस्थेने इतरांच्या जोडीने 'निशांत' या मानवरहित विमानासाठी 55 हॉर्सपॉवरच्या वँकेल इंजिनावरही काम केलं. त्यात नेहमीचा पिस्टन नसतो आणि सिलिंडरही नसतो. ते मोजायला जाणाऱ्याची पंचाईतच.

शेवटी एक गॅरेजमधली गोष्ट, कारण तिनाचा स्वभाव तिथे उघडा पडतो. जुना ट्रॅक्टर मिसिंग मारत असला की मिस्त्री तो चालू ठेवतो, सतरा-एकोणीसचा पाना घेतो आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करतो. तिथून डिझेल पाझरू लागतं, त्या सिलिंडरची आग बंद होते. आवाज एकदम पडला तर तो सिलिंडर चांगला होता; नट आवळून पुढच्याकडे. सैल करूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, तर दोषी सापडला. चार सिलिंडरच्या इंजिनात हा फरक कान देऊन ऐकावा लागतो. तिनात एक बंद पडला की धक्क्यांमधलं अंतर एकदा 240 आणि एकदा 480 अंश होतं, ट्रॅक्टर लंगडत असल्यासारखा हलतो, आणि लांब उभ्या असलेल्या पोरालाही कळतं. एक सूचना मात्र ठळकपणे: हा उद्योग जुन्या पंपाच्या ट्रॅक्टरवरच. बोलेरोसारख्या कॉमन रेल इंजिनात पाइपमधला दाब हजार बारच्या वर जातो, सैल नटातून उडालेली डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे पाना खिशात ठेवायचा आणि स्कॅनर लावायचा.

तिनाचा एक मोठा फायदा मी अजून सांगितलेला नाही. 240 अंशांच्या अंतरामुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही, आणि त्या धुरावर फिरणाऱ्या टर्बोला तो एकेक मोकळा झोत फार मानवतो. नगर-पुणे रस्त्यावर सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना लागतो. त्यांचा 5310 तीन सिलिंडर आणि 2900 सीसीत 55 हॉर्सपॉवर देतो, ते या टर्बोच्या जिवावर. पण टर्बोला अख्खा एक लेखांक लागेल, तो पुढच्या आठवड्यात.