आरएक्स १०० परत येणार काय?

रविवारची सकाळ आहे. इंदोऱ्यातल्या एखाद्या गल्लीत कुणीतरी किक मारतो आणि ओट्यावर चहा पीत बसलेली चार माणसे एकदम मान वळवतात. गाडी अजून दिसलेली नसते, पण आवाजावरूनच सगळे ओळखतात. आरएक्स आली! तेवढ्यात घरातला मुलगा मोबाईल पुढे करतो.

"बाबा, पाहा ना, नवीन आरएक्स येऊन राहिली. बुकिंग पण सुरू झालं म्हणते."

बाबा हसतात. "अरे, पाच-सहा वर्षांपासून हेच ऐकून राहिलो मी. आली का?"

आणि आतून आईचा आवाज येतो, "येईन तेव्हा येईन. आधी फ्रिजची किस्त फिटू द्या!"

हा प्रसंग उत्तर नागपुरातल्या कुठल्याही घरातला समजावा. इमामवाड्यातला, रामबागेतला किंवा कामठीचाही समजायला हरकत नाही. जी गाडी बंद होऊन आता तीस वर्षे होत आली, तिची वाट बाप आणि मुलगा दोघेही पाहत आहेत. ही गाडी खरेच परत येणार आहे काय? आली तर ती कशी असेल? आणि तोवर आपण आपल्या कष्टाच्या पैशाचे काय करावे? या तीन प्रश्नांचा आज शांतपणे विचार करू.

सायकलवरून उतरलेली पिढी

१९८० च्या आधी आपल्या रस्त्यांवर मोटारसायकली मोजक्याच होत्या. बुलेट, येझदी, राजदूत आणि बजाजच्या स्कूटर. त्यातही बजाजसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८४ ते १९८६ या काळात जपानी कंपन्यांशी करार झाले आणि १०० सीसीच्या हलक्या गाड्या आल्या. टीव्हीएसची इंड-सुझुकी, हिरो होंडाची सीडी १००, कावासाकी बजाज आणि एस्कॉर्ट्स कंपनीने १९८५ च्या अखेरीस आणलेली यामाहा आरएक्स १००. सुरुवातीच्या आरएक्सचे सुटे भाग जपानहून येत आणि येथे जोडले जात. म्हणूनच 'मेड इन जपान' लिहिलेले इंजिन ज्याच्याकडे आहे, तो आजही ते अभिमानाने दाखवतो.

तो काळ आपल्या घरांसाठीही वेगळा होता. ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे, वीज मंडळ, पोस्ट, बँक अशा ठिकाणी आपली शिकलेली पहिली पिढी नोकरीला लागली होती. पतसंस्थेचे कर्ज काढून, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन घरात पहिली मोटारसायकल आली. आजोबा मिलमध्ये पायी गेले, वडील सायकलने गेले, आणि मग एक दिवस दारात गाडी उभी राहिली. ज्या समाजाच्या नवरदेवाला कित्येक गावांत घोड्यावर बसू दिले जात नव्हते, त्या समाजाच्या दारात स्वतःच्या पैशाची गाडी उभी राहणे ही नुसती चैन नव्हती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून आरएक्सचा विषय निघाला की जुनी माणसे इंजिनाबद्दल कमी आणि त्या दिवसांबद्दल जास्त बोलतात.

एवढीशी गाडी, एवढे बळ कसे?

आरएक्सचे इंजिन होते अवघे ९८ सीसी. पण त्यातून ११ हॉर्सपॉवर निघत. त्याच काळातली हिरो होंडा जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून सात-साडेसात देत असे. वर आरएक्सचे वजन सुमारे १०३ किलो. म्हणजे एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला साडेनऊ किलोसुद्धा येत नव्हते. सिग्नल सुटला की ती मोठमोठ्या गाड्यांच्या पुढे निघे, याचे गुपित हेच.

दुसरे कारण इंजिनाच्या जातीत आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा पेट्रोल एकदा पेटते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की पेटते. दुप्पट वेळा धक्का, म्हणून तो झपाटा आणि तो आवाज. शिवाय त्यात व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट असला पसारा नाही. इंजिन साधे, हलके आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला तासाभरात उघडता येईल असे.

परंतु याच गुणात दोष दडलेला होता. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम नवे पेट्रोलच करते. त्या गडबडीत थोडे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. त्यात ऑइलही पेट्रोलबरोबर जळते, म्हणून तो निळा धूर. हिरो होंडा ८० किलोमीटर ॲव्हरेजची जाहिरात करीत होती तेव्हा आरएक्सवाला चाळीसच्या आसपास समाधान मानत असे. आणि तो धूर जात होता कुणाच्या छातीत? चौकात उभ्या असलेल्या हातगाडीवाल्याच्या, सायकल रिक्षावाल्याच्या आणि रस्त्याला लागून घर असलेल्या आपल्याच बायकापोरांच्या.

सरकारने १ एप्रिल १९९६ पासून दुचाकींच्या धुराचे नियम कडक केले. दुचाकीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरमागे साडेचार ग्रॅमच्या आत आणणे भाग झाले. २००० साली हीच मर्यादा दोन ग्रॅमवर आली. त्याच १९९६ साली आरएक्स १०० चे उत्पादन थांबले. तिची मोठी बहीण आरएक्स १३५ आणखी काही वर्षे, २००५ पर्यंत चालली आणि तीही गेली. २०२० पासून तर भारत स्टेज ६ चे नियम आहेत. त्यात जुन्या पद्धतीचे टू-स्ट्रोक इंजिन बसणे शक्य नाही.

कंपनी काय म्हणाली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०२२ साली यामाहा मोटर इंडियाचे त्या वेळचे अध्यक्ष एइशिन चिहाना यांनी सांगितले की आरएक्स १०० हे नाव कंपनीने जपून ठेवले आहे, ते दुसऱ्या कुठल्याही गाडीला सहज देऊन टाकायचे नाही. योजना आहे, पण २०२६ च्या आधी काही होणार नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी स्पष्ट केले. फोर-स्ट्रोकमध्ये जुन्या आरएक्सचा हलकेपणा आणि जोर आणायचा तर निदान २०० सीसीचे इंजिन लागेल, कंपनीकडे असलेले १५५ सीसीचे पुरणार नाही, आणि एवढे करूनही तो आवाज काही येणार नाही.

वाचकहो, यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. खुद्द कंपनीचा प्रमुखच सांगतो की नाव येऊ शकते, आवाज येऊ शकत नाही. २०२५ साल संपेपर्यंत नव्या आरएक्सची ना किंमत जाहीर झाली होती, ना तारीख. नोव्हेंबर २०२५ मध्ये यामाहाने जुन्या वळणाची एक गाडी आणली खरी, पण तिचे नाव एक्सएसआर १५५. तिला १८ हॉर्सपॉवरहून थोडी अधिक ताकद, वजन १३७ किलो आणि शोरूमची किंमत तेव्हा दीड लाखाच्या घरात. हिशेब केला तर एका हॉर्सपॉवरमागे साधारण साडेसात किलो येतात. म्हणजे कागदावर ती जुन्या आरएक्सपेक्षा चपळ ठरते. तरीही जुना आरएक्सवाला म्हणतो, "हे ते नाही." कारण त्याला हवा आहे तो हलकेपणा, किक मारताच अंगात येणारी झिंग आणि १९९० साल. पहिल्या दोन गोष्टी कदाचित कारखान्यात बनतील. तिसरी बनणार नाही.

इतर जुन्या नावांचे काय झाले तेही पाहा. १९९६ मध्ये बंद पडलेल्या म्हैसूरच्या कारखान्याची जावा २०१८ साली परत आली, येझदी २०२२ साली आली. रूप जुने, पण इंजिन पाण्याने थंड होणारे फोर-स्ट्रोक. आपल्या महाराष्ट्रातली बजाज चेतक बंद झाली आणि २०२० मध्ये परत आली, ती चक्क बॅटरीवर चालणारी होऊन! नाव परत येते, पण गाडी नव्या काळाची येते. आरएक्सचेही याहून वेगळे होईल असे वाटत नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मोबाईलवर दिसले म्हणून ते खरे मानू नये. आरएक्सच्या नावाने संगणकावर बनवलेली चित्रे, मनाने ठरवलेल्या किमती आणि 'बुकिंग सुरू' अशा थापा दर दोन-चार महिन्यांनी फिरतात. कुणी सांगितले, सगळे म्हणतात, कुठेतरी लिहिले आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नये आणि स्वतः तपासून पाहावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती गाडीच्या व्यवहारातही पाळावी. कंपनीच्या अधिकृत शोरूममध्ये जाऊन विचारावे. पावती मिळाल्याशिवाय कुणाला एक रुपयाही देऊ नये.

दुसरी गोष्ट, जुनी आरएक्स विकत घेण्याची. दुरुस्त करून चमकवलेल्या गाडीला आज लाखाच्या पुढेही मागणी असते. घ्यायचीच असेल तर आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून पाहावा. खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर तेथूनच परत फिरावे. नोंदणीची पंधरा वर्षे कधीच संपलेली असणार. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण झाले आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, हे आरटीओत विचारावे. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीचे नूतनीकरण शुल्क २,००० रुपये झाले. नव्या पद्धतीची सुरक्षा नंबर प्लेटही महाराष्ट्रात २०१९ च्या आधीच्या गाड्यांना बंधनकारक झाली. हा सगळा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

तिसरी गोष्ट, ज्यांच्या घरी वडिलांची आरएक्स अजून उभी आहे त्यांच्यासाठी. ती भंगारात देऊ नका, पण उन्हापावसात कुजतही ठेवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. जुने रबरी पाइप आणि वॉशर त्याने लवकर खराब होऊ शकतात, म्हणून ते मिस्त्रीकडून बदलून घ्यावेत. पीयूसी आणि विमा चालू ठेवावा. सायलेन्सर मात्र मुळातलाच राहू द्यावा. पोकळ सायलेन्सर लावून गल्लीत रात्री फेऱ्या मारणे हा गुन्हाही आहे आणि शेजारच्या आजारी माणसाचा छळही आहे.

चौथी गोष्ट आईवडिलांसाठी आणि ती सर्वांत महत्त्वाची. आरएक्सला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत आणि टायर अरुंद. ती पळते जोरात, थांबते मात्र जुन्या काळाच्या हिशेबाने. आज १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे आहेत, ते उगाच नाहीत. वर्धा रोडवर किंवा कामठी रोडवर ट्रकच्या गर्दीत पोरगा ऐंशीच्या वेगाने जात असेल तर ब्रेकमधला हा फरक जिवावर बेततो. अठरा वर्षे पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत किल्ली हातात देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि हेल्मेट? ते पोलिसासाठी नाही, घरी वाट पाहणाऱ्या आईसाठी घालायचे असते.

आमची अपेक्षा

एवढे सगळे समजून घेतल्यावरही नव्या आरएक्सची आशा धरू नये असे आम्ही म्हणणार नाही. उलट आमच्या अपेक्षा कंपनीपर्यंत जाव्यात असेच वाटते. गाडी हलकी असावी. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला उघडता यावी, प्रत्येक खराबीसाठी शोरूमचा उंबरठा झिजवावा लागू नये. सीट लांब असावी, म्हणजे डबलसीट बसून बायकोला दवाखान्यात आणि मुलीला कॉलेजात सोडता येईल. ब्रेक आजचे असावेत. आणि तिची किस्त एमआयडीसीतल्या कामगाराच्या पगारातून निघावी. जुनी आरएक्स कष्टकऱ्याची गाडी होती. नवी जर फक्त शौकिनांच्या दिवाणखान्याची शोभा होणार असेल, तर नाव तेवढे परत आले असे म्हणावे लागेल.

तोवर कामाला जायला गाडी हवी असेल तर वाट पाहत बसू नये. आज परवडेल ती, चांगल्या ॲव्हरेजची, चांगल्या ब्रेकची गाडी घ्यावी. आणि रविवारी सकाळी अंगणातली जुनी आरएक्स पुसून एक किक मारावी. शेजारी मुलाला उभे करावे आणि ही गाडी कशी घेतली, किती किस्ती भरल्या, कोणत्या महिन्यात घरात एक वेळ भाजी नव्हती, हे त्याला सांगावे. मोबाईलवरच्या बातमीत हे त्याला वाचायला मिळणार नाही.